जुन्या मोटरबोटीची केबिन नवी करताना

जुनी केबिनवाली बोट दारात आली की पहिल्याच आठवड्यात घरचे सगळे रेक्झिनचे रंग निवडायला बसतात. मीही तेच केलं होतं. भुसावळात बसच्या सीटा आणि बॉडीची कामं करता करता मी या कामात आलो. पहिली बोट मिळाली ती बावीस फुटी, फायबरची, मुंबईच्या किनाऱ्यावरून ट्रकवर लादून आणलेली. मामांनी ती तापीवरच्या हतनूर धरणाच्या फुगवट्यात, चांगदेवच्या तापी-पूर्णा संगमाकडे फिरायला घेतली होती. आतून ती पार उतरलेली होती. छताचं कापड लोंबत होतं, बाकांखालचं प्लायवूड काळं पडलं होतं आणि दार उघडलं की ओल्या पोत्यासारखा वास यायचा. मी पंधरा दिवसांत नव्या गाद्या, नवं छत, गालिचा असं सगळं चकाचक करून दिलं. पावसाळा संपल्यावर दार उघडलं तर तोच वास! गालिचा मी फळ्यांना चिकटवून टाकला होता आणि त्याखाली तळाचं झाकणही गेलं होतं. तळात साचलेलं पाणी बघायला मला मीच बसवलेली जमीन कटरनं कापावी लागली.

यावलकडचे एक जुने सुतारमिस्तरी आहेत, आम्ही त्यांना आबा म्हणतो. ते तेव्हा म्हणाले, "भो, पह्यले पानी कुठून येतं ते पाह्य. लाकूड मंग लावजो." त्या दिवसापासून मी दोन गोष्टी सोडलेल्या नाहीत. आधी पाणी शोधायचं, आणि जे बसवू ते पुन्हा काढता आलं पाहिजे. पुढे जे लिहितोय ते याच क्रमानं आहे. पहिल्यांदा काम करणाऱ्यानं हा क्रम मोडू नये, अशी माझी मनापासून विनंती आहे.

हंगाम धरून काम आखा

आपल्याकडचं हवामान टोकाचं आहे आणि या कामात ते उपयोगीच पडतं. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, हवा कोरडी ठाक असते. हे दिवस उघडण्याचे आणि सुकवण्याचे. बोट पाण्याबाहेर काढा, गाद्या, फळ्या, कप्पे सगळं बाहेर घ्या आणि केबिनची दारं-खिडक्या उघड्या ठेवून महिनाभर तशीच राहू द्या. वर सावलीला हिरवी जाळी बांधा, म्हणजे फायबर तापून तडकणार नाही आणि वाराही खेळेल.

जूनचा पहिला पाऊस गळती दाखवायला येतो. तोपर्यंत आत नवं काहीही बसवायचं नाही. तापीला पूर आला की हतनूरचे ४१ दरवाजे केव्हा उघडतील याचा नेम नसतो. त्यामुळे पावसाळ्यात बोट तशीही काठावर, उंच जागी ठेवलेली बरी. ते दिवस गळती शोधायला आणि बुजवायला वापरा.

चिकटवण्याची, इपॉक्सीची आणि रंगाची कामं नवरात्रानंतर सुरू करा. यामागे कारण आहे. इपॉक्सी म्हणजे दोन भाग कालवले की घट्ट होणारा चिकट द्रव, त्याला उष्णता सोसत नाही. तापमान दहा अंशांनी वाढलं की ती हाताळायला मिळणारा वेळ साधारण निम्मा होतो. मे महिन्याच्या दुपारी मी एकदा डब्यात अर्धा लिटर इपॉक्सी कालवली. ब्रश हातात घेईपर्यंत डबा धुमसायला लागला आणि आतला गोळा पिवळा पडून दगड झाला. उन्हाळ्यात करावंच लागलं तर पहाटे करा, एका वेळी शंभर-दीडशे मिली कालवा आणि खोल डब्याऐवजी पसरट ट्रेमध्ये ओता, म्हणजे उष्णता बाहेर पडते. उलट जानेवारीच्या पहाटे ती सुकतच नाही, तेव्हा दुपार बरी.

उघडताना

सर्वांत आधी बॅटरीच्या तारा सोडा आणि पेट्रोलचं इंजिन असेल तर टाकी रिकामी करा. मग केबिनचे फोटो काढा, प्रत्येक कोपऱ्याचे, झाकणांच्या आतलेही. प्रत्येक फळीच्या पाठीवर मार्करनं नंबर घाला आणि तिचे स्क्रू तिच्याच नंबरच्या पिशवीत ठेवा. जुनी कुजलेली फळीसुद्धा फेकू नका. बोटीत एकही भिंत सरळ नसते, सगळ्या कडा वळणदार असतात. नवी फळी कापायला जुन्या फळीइतका चांगला साचा दुसरा मिळत नाही.

छताचं जुनं फोमवालं रेक्झिन ओढलं की फोमचा चिकट भुसा खाली पडतो. तो नाका-डोळ्यांत जातो, म्हणून चांगला मास्क आणि चष्मा घाला. उरलेला थर पट्टीनं आणि तारेच्या ब्रशनं खरवडून काढावा लागतो. अख्खा दिवस जातो, पण त्यावर नवं काही चिकटवाल तर ते मे महिन्यात हातात येईल.

फायबर घासायचं असेल तर पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मास्क घातल्याशिवाय यंत्र सुरू करू नका. ती धूळ कातडीत टोचते आणि फुप्फुसात गेली तर अपाय करते.

पाणी कुठून येतं

या कामाला मी सर्वांत जास्त वेळ देतो. दोन माणसं लागतात. एक बाहेर पाण्याचा पाइप घेऊन, दुसरा आत टॉर्च आणि खडू घेऊन. पाण्याला जोर नको, घरच्या बागेला घालतो तेवढी धार पुरे. सुरुवात नेहमी खालून करायची आणि हळूहळू वर जायचं. वरून सुरू केलं तर सगळंच भिजतं आणि नेमकं कुठून शिरलं ते कळत नाही. प्रत्येक खिडकी, कठड्याचा प्रत्येक पाय, प्रत्येक बोल्ट, वरचं झाकण, या प्रत्येकावर पाचेक मिनिटं धार धरा.

आतल्या माणसासाठी एक युक्ती सांगतो. खिडकीखाली आणि बोल्टांच्या खाली खडूची भुकटी बोटानं फासून ठेवा. थेंब घरंगळला की पांढऱ्यावर त्याची काळपट रेघ उमटते. ती रेघ वर वर शोधत जा. पाणी दिसतं तिथूनच शिरतं असं नाही. आमच्या त्या पहिल्या बोटीत पाणी मागच्या बाकाखाली सापडलं, पण शिरत होतं पुढच्या कठड्याच्या एका बोल्टमधून. छताच्या पोकळीतून आठ-नऊ फूट वाहत ते मागे येत होतं.

खिडक्या बहुतेक वेळा ॲक्रिलिकच्या असतात. काच समजून त्यांना थिनर किंवा स्पिरिट लावू नका, बारीक जाळीदार तडे जातात. साबणाचं पाणी पुरे. ॲक्रिलिक तापल्यावर चांगलंच पसरतं. मीटरभर लांबीची शीट ५० अंशांच्या फरकानं साडेतीन मिलिमीटरपर्यंत वाढते, आणि आपल्याकडे डिसेंबरची पहाट ते मेची दुपार एवढा फरक उन्हात सहज पडतो. म्हणून बोल्टांची भोकं बोल्टापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठी ठेवा आणि बोल्ट करकचून आवळू नका. सांध्याला ब्यूटाइल टेप (रबरासारखी मऊ चिकट पट्टी) किंवा न्यूट्रल सिलिकॉन वापरा. बाथरूमला लावतात ते व्हिनेगरच्या वासाचं सिलिकॉन बोटीत आणूच नका. ते धातूला खातं आणि त्या जागी पुढे रंग धरत नाही.

बोल्टची गळती बाहेरून सीलंट थापून बंद होत नाही. बोल्ट काढा, भोक मोठं करा, फायबरच्या थरांमधलं ओलं लाकूड खरवडून सुकू द्या, इपॉक्सीनं भोक भरून टाका आणि मग त्या भरलेल्या इपॉक्सीतच नवं भोक पाडा. आता पाणी शिरलं तरी आतल्या लाकडापर्यंत पोचत नाही. एका बोल्टला अर्धा तास जातो, पण पुढची दहा वर्षं तिकडे बघावं लागत नाही.

लाकूड वाजवून बघा

मडकं घेताना आपण बोटानं वाजवून घेतो ना, तसंच. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं प्रत्येक आडव्या-उभ्या फळीवर टकटक करत जा. चांगलं लाकूड खणखणीत बोलतं, कुजलेलं भदभद. शंका आली तिथे टोच्या टोचा. तो सहज आत गेला तर ती जागा कापावी लागणार. फळी बोटीच्या अंगाला फायबरनं जोडलेली आणि भार घेणारी असेल, तर ते काम स्वतः पहिल्यांदा करू नका. फायबरचं काम जाणणारा माणूस बोलवा.

नवं प्लायवूड घेताना त्यावर आयएस ७१० चा शिक्का बघा. तेच मरिन प्लाय. आयएस ३०३ चं प्लाय घरातल्या कपाटाला चालतं, इथे नाही. एका दुकानदारानं मला शिक्का नसलेलं प्लाय "तेच आहे हो" म्हणून दिलं होतं. तेव्हापासून मी विकत घेण्याआधी छोटा तुकडा मागतो, घरी तासभर उकळतो आणि थर सुटतात का ते पाहतो.

प्लाय चांगलं असलं तरी पाणी त्याच्या कडेतून शिरतं. कापल्यावर प्रत्येक कडेला आणि प्रत्येक भोकाच्या आत इपॉक्सीचे दोन-तीन हात द्या. पाठीमागची बाजू कुणाला दिसत नाही, पण ओल तिथेच धरते, तिलाही द्या. सागवानाची पट्टी कडेला लावणार असाल तर चिकटवण्याआधी ती ॲसिटोननं पुसा. सागात तेल असतं, त्यामुळे सरस धरत नाही. स्क्रू स्टेनलेसचेच, गोड्या पाण्यात ३०४ ग्रेड पुरते. जिप्समच्या छताला वापरतात ते काळे स्क्रू एका पावसाळ्यात गंजतात.

वजनाचा हिशेब

घरात फर्निचर करणारा चांगला मिस्तरी बोटीत फसतो तो इथे. त्याला सगळं मजबूत करायची सवय असते. बारा मिलिमीटरचं आठ बाय चारचं मरिन प्लाय सुमारे पंचवीस किलोचं भरतं, अठरा मिलिमीटरचं छत्तीस-सदतीस किलोचं. छताला आणि कपाटांच्या दारांना चार-सहा मिलिमीटर पुरतं. ओट्यावर ग्रॅनाइट बसवायचा आग्रह एका गिऱ्हाइकानं धरला होता. अठरा मिलिमीटरचा ग्रॅनाइट दर चौरस फुटाला साडेचार किलोच्या आसपास जातो. तोही कमरेच्या उंचीवर, म्हणजे बोट डोलायला निमंत्रण. मी नाही म्हटलं.

समुद्रावरून आणलेल्या बोटीबद्दल आणखी एक गोष्ट. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड असतं, म्हणून तीच बोट तापीत थोडी जास्त बुडते. बाहेर काढलेली प्रत्येक वस्तू वजनकाट्यावर ठेवा आणि वहीत लिहा. आत जाणारी प्रत्येक वस्तूही. शेवटी आत गेलेलं वजन बाहेर आलेल्यापेक्षा जास्त नको. डाव्या-उजव्या बाजूंचा हिशेब वेगळा ठेवा.

वायरिंग

छत आणि भिंती बंद करण्याआधी तारा टाकायच्या. घरातली जाड एकतारी वायर इंजिनाच्या थरथरीनं आतल्या आत तुटते. बारीक तारांची, शक्यतो कथलाचा मुलामा असलेली वायर घ्या. जोड नुसते पिळून टेप मारू नका, तारेच्या टोकांना धातूची टोपणं (लग) दाबून बसवा. बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतराच्या आत मुख्य फ्यूज हवाच. तो लांब बसवला तर मधली तार उघडी पडल्यावर तिला वाचवायला काही उरत नाही.

दिव्यांचा हिशेब सोपा आहे. दहा वॅटचे सहा जुने बल्ब बारा व्होल्टवर पाच अँपिअर खातात. दोन वॅटचे सहा एलईडी एकच अँपिअर. जळगाव-भुसावळात ट्रक आणि बसच्या दुकानांत बारा व्होल्टचे दिवे आणि छोटे पंखे सहज मिळतात, पण बरीच मोठी वाहनं चोवीस व्होल्टवर चालतात, तेव्हा व्होल्ट वाचून घ्या. बोट जमिनीवर उभी असेल तेव्हा उंदरांचं बघा. शेताच्या बांधावर ठेवलेल्या बोटीत एका महिन्यात त्यांनी माझी नवी वायर तीन ठिकाणी कुरतडली होती. वायर नळीतून न्या आणि पाणी जायची सगळी भोकं बारीक जाळीनं झाका, बुजवू नका.

छत आणि उन्हाळा

परदेशातल्या सल्ल्यांमध्ये केबिन उबदार कशी ठेवावी यावर बरंच लिहिलेलं असतं. आपला प्रश्न उलटा आहे. खानदेशातली जुनी धाब्याची घरं आठवा. मातीचा जाड थर, लहान खिडक्या, आत गारवा. बोटीवर माती घालता येत नाही, पण तत्त्व तेच आहे: ऊन छतातच अडवायचं. बाहेरून छत पांढरं ठेवा. आतून एसीच्या पाइपांना गुंडाळतात तो काळा नायट्राइल रबराचा फोम दहा-बारा मिलिमीटर जाडीचा चिकटवा. त्याच्या पेशी बंद असतात, त्यामुळे तो पाणी शोषत नाही. थर्माकोल लावू नका, चिकटवायच्या सोल्यूशननं तो विरघळतो आणि पेटला तर भयंकर काळा धूर करतो.

सोल्यूशन म्हणजे सुतार वापरतात ते सिंथेटिक रबरचं. उन्हात टिकणारं, उष्णतारोधक प्रकारचं मागा. दोन्ही पृष्ठभागांना पातळ हात द्या आणि बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबा. मग एकदा टेकलं की सरकवता येत नाही, म्हणून मधे वर्तमानपत्राचा कागद धरा, जागा जुळवा आणि कागद हळूहळू ओढत मध्यापासून कडेकडे दाबत जा. या सोल्यूशनची वाफ पेट घेते आणि हवेपेक्षा जड असल्यानं बोटीच्या तळाशी साचते. सगळी झाकणं उघडी ठेवा, पंखा बाहेरून आत वारा ढकलेल असा लावा, आत विडी-काडी किंवा ग्राइंडर काहीही नको. डोकं जड झालं की लगेच बाहेर या.

फोमवर शेवटचं छत मी आता कधीच चिकटवत नाही. चार मिलिमीटरच्या प्लायचे तुकडे कापतो, त्यांना फिकट रेक्झिन गुंडाळून मागे स्टेपल करतो, आणि स्टेनलेस स्क्रू व टोप्यांनी बसवतो. कुठे गळलं तर एक तुकडा काढला की झालं. वारा जायला पुढे एक आणि मागे एक, अशा दोन जाळ्या हव्यात. एकच जाळी असेल तर वारा खेळत नाही.

जमीन

बारा मिलिमीटरचं प्लाय, सर्व बाजूंनी इपॉक्सी, फळ्यांमध्ये दोन-तीन मिलिमीटरची फट. प्रत्येक झाकणाला बोट घालून उचलायची कडी. तळाच्या आडव्या पट्ट्यांत पाणी मागे वाहायला जी भोकं असतात ती आधी तारेनं साफ करा. इपॉक्सीचा किंवा भुशाचा एक गोळा अडकला तरी पाणी पुढेच तुंबतं आणि मागचा पाणी उपसायचा पंप कोरडा फिरत राहतो. पंपापर्यंत, इंजिनापर्यंत, तळातल्या प्रत्येक नळापर्यंत अंधारातही हात पोचला पाहिजे.

वर अंथरायला जळगावची प्लॅस्टिकची चटई घ्या. आपल्याच गावचा माल म्हणून सांगत नाही. ती पाणी पीत नाही, झटकली की वाळते, फाटली तर थोड्या पैशांत बदलते. गुळगुळीत जमिनीवर मात्र ती सरकते, म्हणून खाली रबरी जाळी टाका.

गाद्या शेवटी

आपण कापसाच्या मुलखातले, तरी बोटीत कापसाची गादी नको. एकदा भिजली की महिनाभर वाळत नाही आणि बुरशी धरते. फोम घ्या, घनता ३२ ते ४० (घनमीटरला किलो), जाडी बसायला तीन इंच, झोपायला चार. खोळीपेक्षा फोम सगळीकडून एक सेंटिमीटर मोठा कापा, म्हणजे गादी ताठ दिसते आणि सुरकुत्या पडत नाहीत. वरून फिकट रंगाचं बाहेरच्या वापराचं रेक्झिन. गडद रंगाच्या सीटवर मे महिन्यात हाफ पँटमध्ये बसून बघा, म्हणजे फिकट का म्हणतो ते कळेल. खालच्या बाजूला जाळीचं कापड लावा, तिथून ओल निघून जाते. दोरा पॉलिएस्टरचा, चेन प्लॅस्टिकच्या दातांची. हे काम बस आणि ट्रॅक्टरच्या सीटा शिवणारे उत्तम करतात. घरच्या सोफ्यावाल्यापेक्षा त्यांच्याकडे जा.

बाकाच्या फळीला, जिथे गादी टेकते तिथे, एक-दीड इंचाची भोकं ओळीनं पाडा. खालून हवा लागली नाही तर रेक्झिनच्या पोटाला घाम सुटतो.

आग, धूर आणि कागदपत्रं

केबिनमध्ये गॅसची टाकी ठेवू नका. गॅस हवेपेक्षा जड, गळला की तळात उतरून बसतो आणि इंजिन सुरू करतानाची एक ठिणगी पुरते. पेट्रोल इंजिन असेल तर सुरू करण्याआधी चारेक मिनिटं तळातली हवा काढणारा पंखा चालवायचा, आणि त्या पंख्याची वाट नव्या कपाटानं अडलेली नसावी. आग विझवायचं नळकांडं दाराजवळ ठेवा, इंजिनाजवळ नको, कारण आग बहुतेक तिथेच लागते. पुढचं झाकण आतून उघडतं का ते गाद्या बसवल्यावर पुन्हा तपासा. बाहेर पडायला दोन वाटा हव्यातच.

बोटीत पैसे घेऊन माणसं नेणार असाल तर सीटांची जागा किंवा संख्या बदलण्याआधी नोंदणी आणि तपासणी करणाऱ्या यंत्रणेला विचारा. यांत्रिक बोटींना आता अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ लागू आहे. लाइफ जॅकेट माणशी एक, आणि ती कुलपाच्या कपाटात नव्हे तर हाताला येतील अशा जाळीत ठेवा.

पाण्यात उतरवताना

सगळं बसलं की लगेच फेरी मारायला निघू नका. बोट काठाजवळ पाण्यात उतरवा, जमिनीची सगळी झाकणं काढून ठेवा, आणि टॉर्च घेऊन रात्रभर आत थांबा. दर दोन तासांनी तळात कोरडा कागद फिरवून बघा. बाहेरून पाण्याची रेषा दोन्ही बाजूंना खडूनं आखा आणि सकाळी जुन्या रेषेशी ताडून पाहा. एक बाजू खाली गेली असेल तर बॅटरी दुसरीकडे सरकवा. मग वायरिंगचा नकाशा, नंबर घातलेल्या फळ्यांची यादी आणि उरलेले स्क्रू एका झाकणाच्या डब्यात घालून चालकाच्या सीटखाली ठेवा.